त्सोंकाची मान

बल्गेरियातल्या आमच्या रूसे शहरात त्सोंका ट्रॉलीबस चालवते, आणि तिच्या गाडीला भोंग्याची गरज पडत नाही. ती खिडकीतून ओरडली की डॅन्यूबपलीकडचे रुमानियन लोकसुद्धा रस्ता सोडतात. अशी बाई रविवारी दुपारभर चिडीचूप? मी खालच्या मजल्यावरचा. वाटलं, आजारी पडली. बघायला म्हणून वर गेलो, तेव्हापासून दर रविवारी जातोच. तिची चीज भरलेली बानित्साही खुसखुशीत असते, खोटं कशाला बोलू.

तिचा मुलगा म्लादेन जर्मनीत. एरवी फोन केला तर "कामात आहे, आई" म्हणून ठेवून देतो. पण रविवारी तो, त्याची होणारी बायको हायके आणि त्सोंका, तिघं मिळून कॉम्प्युटरवर भुताचा गेम खेळतात. हायकेला आपली भाषा येत नाही, त्सोंकाला जर्मन येत नाही. पण या गेममध्ये बोलायची बंदीच. ओसाड इस्पितळात एक आंधळं धूड हिंडतं, माईकवर कुणी नुसतं खोकलं तरी धावून येतं. म्हणून सगळं मानेनं बोलायचं. माउस हलवला की पडद्यावरच्या बाहुलीची मान हलते. भावी सुनेशी त्सोंकाची ओळख म्हणाल तर एवढीच. ती तुटू नये म्हणून बिचारी शिंकसुद्धा गिळते.

परवा तिघं सुटकेच्या लिफ्टपर्यंत पोचले. त्सोंका कोपऱ्यावर टेहळणीला, ती दोघं कपाटात. म्लादेननं दार किलकिलं करून तिच्याकडे पाहिलं, येऊ का? धूड तर समोरच उभं! त्सोंकानं मान जोरजोरात वरखाली केली. आणि आमचा पठ्ठ्या सरळ बाहेर! धुडानं त्याला कोंबडीसारखा उचलला.

त्सोंका पांढरीफटक. आवाज काढायची सोय नाही, नुसते ओठ हलले, "मी मारलं त्याला." डोळ्यांतून घळघळा पाणी.

मेलेल्याचं बोलणं गेममधल्या जिवंतांना ऐकू जात नाही. म्हणून माझ्या खिशातला फोन थरथरला. मी स्वयंपाकघरात पळालो.

"मिन्कोकाका, मी गॅलरीत येऊन बोलतोय. आईचं डोकं फिरलंय का? मला 'ये' कशाला म्हणाली? हायकेसमोर शोभा झाली माझी. पुढच्या वेळी हिला घेतच नाही!"

"ये कुठं म्हणाली रे?"

"मान हलवली की!"

"कशी?"

"वरखाली."

"मग आपल्याकडे ते 'नाही'च ना, गाढवा! आडवी हलवली असती तर 'हो'. तू बल्गेरियात जन्मलास की बर्लिनच्या विमानात?"

तिकडे त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आणि हायके का नाही आली बाहेर?" मला काडी घालायची खोडच आहे.

"ती माझ्या शेजारीच बसली होती," तो पुटपुटला. "माझा हात धरून थांबवत होती. मीच हिसडा दिला. काका, आईला नका ना सांगू."

"मी? अख्ख्या इमारतीला सांगेन. पण तिला तू सांगायचंस. ती आत रडतेय."

मी परत आलो तेव्हा धूड दुसरीकडे गेलं होतं. त्सोंकानं डोळे पुसत मान आडवी हलवली. हायके लगेच कपाटातून निघाली आणि दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. डाव संपला, मेलेला जिवंत झाला. हेडफोनच्या एका बाजूला मी माझा कान लावला.

"माझंच चुकलं, बाळा," त्सोंका म्हणाली. "पुढच्या वेळी म्हातारीला घेऊ नका."

"नाही, आई. तू बरोबरच सांगत होतीस. मी... इथल्यासारखं समजलो. विसरलो गं." मग अगदी हळू, "पुढच्या रविवारी बसशील ना?"

त्सोंका कानापर्यंत लाल झाली. स्वतःच्या चुकीनं पांढरी पडलेली बाई लेकाच्या चुकीनं लाल झाली!

"बसेन की. पण हळू बोल, हायके ऐकेल."

"अगं, तिला कुठं आपली भाषा कळते?" मी म्हणालो.

"भाषा नाही कळत," माईकवर हात दाबून ती म्हणाली, "पण मान तिला कळली, मिन्को. माझ्या पोराला नाही कळली."