सुरेखा सावरली, असं मी सांगत राहिलो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बातमीदारीत इतकी वर्षं इतरांच्या चुका छापल्या. स्वतःची सांगताना वाक्य पुरं होत नाही.

पिंपळे गुरवला, ओळखीच्या एका काकूंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही रविवारी जमायचो. चाकणच्या कंपन्यांत ज्यांचा माणूस अपघातात गेला, किंवा हात गमावून घरी बसला, अशा घरांतल्या बायका यायच्या. नुसती बातमी देऊन मोकळं होणं मला जमेना, म्हणून मी हे सुरू केलं. काकूंनी पहिल्याच दिवशी मधोमध मेथीच्या जुड्या टाकल्या. "रिकाम्या हातानं कोन बोलतंय व्हय? निवडा!" आणि खरंच — नजर भाजीवर ठेवून बायका बोलू लागल्या. खालची घरघर, गरम पिठाचा वास, जिन्यातला पोरांचा दंगा — अजून आठवतं, बरं वाटतं. बरं वाटावं का?

सुरेखा लातूरकडची. नवरा प्रेस मशीनखाली गेला. ती सगळ्यांत आधी उभी राहिली — म्हणजे मला तसं दिसलं. कँटीनमध्ये काम धरलं, हसायची, मला 'पेपरवाले दादा' म्हणायची. नवी बाई आली की मी तिला सुरेखाशेजारी बसवायचो. "यांच्याकडे बघा." बातमीला एक चेहरा लागतो, तो मला मिळाला होता.

एका रविवारी तिनं मला जिन्यातच गाठलं. "दादा, आज मला कुनापाशी बसवू नका. आज मलाच बोलायचंय. झोपच येईना बगा, मशीनचा आवाज ऱ्हातोय कानात."

वर एक नवी बाई सासूला घेऊन येऊन बसली होती. मी म्हणालो, "तुम्ही तर आमची वाघीण! तुम्हीच रडलात तर त्यांनी काय करायचं?"

ती हसली. जाऊन त्या बाईशेजारी बसली. त्या दिवशी बोलली नाही. पुन्हा आलीही नाही.

"आरं, लातूरची कुठं हाय?" काकूंनी विचारलं.

"सावरली ती, काकू. आता गरज नाही तिला."

हे खोटं होतं, आणि — हेच सांगायचं होतं — मला ते माहीत होतं. तिची शेजारीण मला बाजारात भेटली होती. सुरेखानं काम सोडलंय, दिवसभर दार लावून बसते, म्हणाली. तिची खोली पलीकडच्याच गल्लीत. गेलो का मी? नाही. ती सावरलेली नसेल, तर मी रविवारी काय करत होतो? हा प्रश्न मला नको होता.

पुढे ती खोली सोडून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. नव्या बायकांना मात्र तिचंच उदाहरण देत राहिलो. त्यांतल्या एकीनं विचारलं, "त्यांना भेटता येईल का हो?"

मी म्हणालो, "त्या फार कामात असतात."