फुकटच्या बेडकानं पाचशेचा नाग पाडला

मैत्रिणींनो, मोबाइलवरच्या राक्षसांच्या लढाईच्या खेळात आज वाट्याला आलं ते असं: मला मातीचा बेडूक, फुकट. धाकट्या दिरांना विजेचा नाग, पाचशे रुपये.

या नागानं त्यांनी दिवसभर माझ्या लेकीचा पाण्यातला मासा मारला. ती रडली तर मलाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही देवपूजा करा, हे तुमचं काम न्हाय."

आमच्या बोअरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा मीच घालते. वीज मातीत जिरते, एवढं मला कळतं. अंबाबाईचं नाव घेऊन बेडूक सोडला. नागाचा एकही झटका त्याला लागला नाही, आणि त्यानं नाग आडवा केला.

"भाऊजी, पूजा झाली. प्रसाद घ्या," म्हटलं.

उद्या ते पाण्यातली मगर आणणार आहेत. तिच्यापुढं माती टिकत नाही म्हणे. माझं अजून समाधान झालेलं नाही. मगरीवर कोण भारी पडतं, उलट टपाली कळवा.