ज्योतिष्याचं एकच वाक्य

धम्मानंद वाव्हळे दिवसा सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी करतात आणि अठरा वर्षांपासून गावच्या नाट्यमंडळात ज्योतिष्याची भूमिका करतात. भविष्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. तरी "तू राजा होशील" हे एकच वाक्य ते असं म्हणतात, की नाटकातला सेनापती हावरट होऊन राजाच्या खुनाला निघतो.

यंदा दिग्दर्शक महारुद्रनं त्या वाक्याला आणखी एक जोडलं: "राजाला मार, तुझ्या नशिबातच हाय."

"हे मी म्हणणार न्हाई," धम्मानंद म्हणाले. "मग त्याचा गुन्हा काय उरला? सुरी त्यानं आपल्या मनानं उचलली पाहिजे."

"काका, लय ताणायलाव. दुसरा ज्योतिषी बघू का?"

"बघ."

प्रयोग चार दिवसांवर होता. महारुद्रनं हात टेकले.

प्रयोगात सेनापती सुरी घेऊन झोपलेल्या राजाकडे निघाला, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून ओरडली, "आरं, माघारी फिर की! कोण बळजबरी करायलंय तुला?"

लोक हसले. सेनापती थबकला आणि मग पुढे गेलाच.

पडद्याआड धम्मानंद निवांत खोटी दाढी सोडवत होते. सेनापती माघारी फिरू शकतो, असं म्हातारीला वाटलं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.