पेठचं स्थळ

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं जीवधन किल्ल्यावर गेलो. मी, जुन्नरात मोबाईलचं दुकान चालवणारा एक, आणि पुण्यात कंपनीत असलेला एक. दहावीपर्यंत तिघं एकाच बाकावर. टूम पुणेकरानं काढली. असल्या उन्हात शहाणा माणूस डोंगर चढत नाही, पण कांदा काढून झाला होता आणि घरात आईचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून निघालो.

आईच्या तोंडाचं कारण पेठची मुलगी. बघायला गेलो, पोहे झाले, ती माझ्याशी चार शब्द नीट बोलली, तिच्या बापानं विहीर, पाइपलाइन सगळं विचारलं. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच वाटलं, आता जमतंय. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. आमच्याकडं सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडची माणसं गुपचूप ओळखीपाळखीत चौकशी करतात. तिथंच कुणीतरी मोडता घातला होता. आमचं बांधावरून वाजलेलं, म्हणून मी चुलत्यावर डूख धरून बसलो होतो.

घाटघरला गाड्या लावल्या. पुणेकराच्या पायात नवे कोरे बूट, पाठीवर पिशवी, पिशवीतून तोंडापर्यंत आलेली पाण्याची नळी. अर्ध्या वाटेतच पठ्ठ्याचं पाणी संपलं. मग माझा पाच लिटरचा कॅन. मी तो खांद्यावर वागवायचा आणि यानं प्यायचा. कातळातल्या पायऱ्या तुटलेल्या, हात टेकला की चटका बसायचा. तिथं मी आधी वर गेलो आणि त्याला ओढून घेतला. "तू व्हतास म्हणून, राव," तो म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर दगडी कोठाराच्या सावलीत भाकरी सोडली. दुकानदाराच्या पोटात काही म्हणून राहत नाही. खाता खाता तो पुणेकराला म्हणाला, "याला सांगून टाक ना एकदाचं. पेठवाल्यांचा फोन तुला आलता ते."

मी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली.

"काय इचारलं त्यांनी?" मी म्हणालो.

"तू कसा हायेस ते. मी म्हणलो, पोरगा लई चांगला. सुपारीचंबी व्यसन न्हाई."

"आन पुढं?"

पुणेकर भाकरीचे तुकडे करत बसला. "म्हणलो, पण शेतीच हाय. पुढचं तुमी बघा."

वा रे दोस्त. एवढं एक वाक्य गिळता आलं नाही त्याला. मी तोंडाला येईल ते बोललो. माझ्या आईनं सकाळी उठून तुझ्यासाठी ठेचा कमी तिखटाचा केला, जरा लाज वाटू दे, इथवर गेलो. दुकानदार मधे पडला तर त्यालाही झापला. पुणेकरानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या बहिणीला नारायणगावचं स्थळ आलं व्हतं. बागायतदाराचं. ते कुणी मोडलं?"

मी मोडलं होतं. पोरगा माझ्याच वयाचा, जमीन आमच्यापेक्षा जास्त, माणसं सरळ. मीच घरात सगळ्यांसमोर म्हणालो होतो, नोकरीवालाच पाहिजे, माझी बहीण जन्मभर शेणात हात घालणार नाही. आणि नकार सांगायला याच मित्राला पाठवलं होतं, कारण मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली होती.

आम्ही उन्हं कलल्यावर उतरलो. त्या दोघांशी मी अजूनही कामापुरतंच बोलतो.

बहीण चाकणला आहे. दाजी कंपनीत पर्मनंट, तिचं चांगलं चाललंय. नारायणगावच्या त्या पोराचं अजून कुठं जमलेलं नाही. मार्केटला टोमॅटो घेऊन गेलो की भेटतो. लांबूनच हात वर करून रामराम घालतो, आणि बहिणीचं कसं चाललंय म्हणून विचारतो.