तोफेचं तोंड कुणीकडे

रविवारी मटण-भाकरी पोटात गेल्यावर माणसाला झोप येते, असं म्हणणं बरोबर नाही. झोप आधीच आलेली असते, मटण तिला फक्त पाट मांडून देतं. प्राध्यापक विश्वास काटकर डाव्या कुशीवर वळतात. पंखा फिरतो आहे. शेजारच्या खोलीत त्यांची बायको शैलजा संध्याकाळी कुठली साडी नेसावी याबद्दल आईचा सल्ला घेते आहे, म्हणजे आई सुचवेल ती सोडून बाकीच्यांतून निवडते आहे.

संध्याकाळी कार्यक्रम मोठा आहे. शैलजाचे वडील, घोडदळातले मेजर भालचंद्रराव खराडे, पासष्टच्या लढाईतले वीरचक्रवाले. ते जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्या नावानं बस स्टँडसमोरच्या चौकात सैन्याकडून मिळालेला जुना रणगाडा चौथऱ्यावर चढवला आहे आणि आज त्यावरची ताडपत्री ओढायची आहे. काटकर स्मारक समितीचे सचिव. जावई म्हणून पद मिळालं, आणि सासऱ्यांच्याच घरात राहत असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

रणगाडा आला तोवर सगळं सुरळीत होतं. मग कुणीतरी विचारलं, तोफेचं तोंड कुणीकडे करायचं? डावीकडे केलं तर आमदारांचा बंगला. उजवीकडे सहकारी बँक, आणि तोफ रोखलेली पाहून ठेवीदार घाबरतील असं बँकेच्या चेअरमनचं मत पडलं. मागे भैरोबाचं देऊळ. समोर मुलींची शाळा. बैठकांवर बैठका झाल्या, चहाचे थर्मास रिकामे झाले, आणि शेवटी तोडगा काढला तो काटकरांनीच. तोफ पुढे वळवायची आणि खाली झुकवायची, रणगाड्याच्या स्वतःच्याच नाकावर. म्हणजे ती कुणावरच नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या निवडणुकीनंतर कुणी फिरवू नये म्हणून वेल्डिंगही मारून घेतलं. समितीचे अध्यक्ष सुदामआप्पा जगदाळे, खतांचे व्यापारी, पाठीवर थाप मारून म्हणाले, "शिकलेला माणूस असा लागतो बघा. कुणाचंच मन दुखवलं नाही सरांनी."

त्या थापेची ऊब अजून पाठीवर आहे. काटकर डोळे मिटतात. पंख्याचा आवाज जरा जड होतो, मग आणखी जड, आणि त्यात कुणीतरी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतं आहे.

नगरपालिकेचं सभागृह. सगळे सभासद आहेत. टेबलाच्या टोकाला मेजरसाहेब बसलेत, अंगात रणगाड्यावरच्या लोकांची काळी डांगरी, आणि ते शांतपणे संत्रं सोलताहेत. ते वारलेत हे काटकरांच्या लगेच ध्यानात येतं, पण इतिवृत्त वाचून होत असताना मध्येच असा विषय काढणं बरं दिसणार नाही, म्हणून ते वाचन संपू देतात. नंतर हळूच खुर्ची सरकवतात.

"मामासाहेब, आपण इथं?"

"कोरम होत नव्हता म्हणाले."

"पण आपण तर..."

"इतिवृत्तात हजर लावलंय मला. सही राहिलीय." मेजरसाहेब संत्र्याची फोड तोंडात टाकतात. "चला जावईबापू, तुमची जागा दाखवतो."

ते सभागृहाच्या मागच्या दारानं बाहेर पडतात. तिथं एरवी स्वच्छतागृह असतं. आज ऊस आहे, पण आपल्याकडचा नव्हे. बारीक, पंजाबकडचा, पानं धुरानं काळवंडलेली. उसात रणगाडा उभा आहे. मेजरसाहेब त्याच्या पोलादी नाकावर चढतात, गोल झाकण उचलतात आणि बैलाला गोठा दाखवावा तसा हात करतात.

"उतरा."

"मी?"

"नाहीतर कोण? आप्पाचं पोट मावायचं नाही."

जावयानं सासऱ्याचा शब्द मोडू नये, हा नियम स्वप्नातही चालू असतो. काटकर उतरतात. आत कॉलेजातली परीक्षेच्या पर्यवेक्षकाची लाकडी खुर्ची आहे, तीच, उजवा पाय डुगडुगणारी. गुडघे छातीला लागतात. वरून मेजरसाहेब जाड काळे हेडफोन त्यांच्या कानांवर दाबून बसवतात, इतके घट्ट की कवटी चेपल्यासारखी वाटते. मग झाकण बंद होतं. त्याच्यावरून काहीतरी अवजड सरकत येतं आणि थांबतं.

अंधार. समोर बोटभर फट. तिच्यात जाड काच.

"दिसतंय का काही?" मेजरसाहेबांचा आवाज आता कानात आहे.

"हो. आपलं जेवणाचं टेबल दिसतंय."

खरोखरच टेबल दिसतं. बरेच जुने दिवस असावेत, कारण टेबलाशी बसलेल्या काटकरांच्या डोक्यावर केस आहेत. मेजरसाहेब ताटावर हात ठेवून नेहमीची गोष्ट सांगताहेत. घरात ती इतक्यांदा सांगून झाली आहे की आता कुणी ऐकत नाही.

"विजेचं सगळं गेलं," टेबलावरचे मेजरसाहेब म्हणताहेत. "तोफ अर्धवट वळलेली, नेमकी ड्रायव्हरच्या झाकणावर. झाकण उचलायला गेलं की तोफेला अडतंय. खालून आमचा ड्रायव्हर हरफूल डोक्यानं ढुशा देतोय. आमचा पहिला धडाच तो. रणगाडा सोडायचा, तर आधी तोफ ड्रायव्हरवरून बाजूला. मग बाकीचं."

"भात घ्या थोडा," मामीसाहेब म्हणतात.

"मग मी बसलो मूठ फिरवत. हातानं फिरवायची मूठ असते. बाकीचे दोघे बाहेर काढले होते. खाली आग..."

"पण मामासाहेब," केस असलेले काटकर विचारतात, "जळत्या रणगाड्यातून आपण मारा किती वेळ केलात?"

टेबलावरचे मेजरसाहेब त्यांच्याकडे बघत राहतात. मग भात घेतात.

"बघितलंत?" कानातला आवाज म्हणतो.

"मी कॉलेजच्या अंकासाठी विचारत होतो."

"छापलंतही तसंच. अखेरच्या श्वासापर्यंत मारा. मी समोर बसून भात खात होतो आणि तुम्ही माझा अखेरचा श्वास छापलात."

काटकर विषय बदलण्यासाठी झाकणाला हात लावतात. झाकण भाकरीच्या जाडीएवढं वर उचललं जातं आणि कशालातरी टेकतं. ते पुन्हा ढकलतात. मग खांदा लावून ढकलतात. मग डोकं लावून.

"मामासाहेब, हे उघडत नाही."

"नाहीच उघडायचं. वर तोफ आहे."

"मग फिरवा की."

"फिरवतोय."

वरून आवाज येतो, कर्र, कर्र, विहिरीवरच्या रहाटासारखा. आवाज येतो, पण वर काही हलत नाही. पायांकडून धुराचा एक बारीक दोरा वर येतो. त्याला डिझेलचा वास आहे आणि थोडा मटणाच्या रश्श्याचाही.

"एवढ्या वर्षांत मूठ गंजली असेल," काटकर म्हणतात.

"मुठीला काही झालेलं नाही. वेल्डिंग कुणी मारलं?"

काटकर खुर्चीचा डुगडुगता पाय चाचपतात.

"जावईबापू, खालून उत्तर द्यायचं असतं. रणगाड्यात तोच रिवाज."

"समितीनं."

"समितीत वेल्डर कोण?"

"ठराव मी मांडला होता. एकमतानं झाला."

"हां." मूठ फिरतच राहते. फिरवता फिरवता मेजरसाहेब बोलतात, लांबच्या प्रवासात गाडीवान बोलतो तसे. "घोड्यासाठी घोडदळात गेलो मी. वडील म्हणाले होते, पायदळात जाऊ नको, चालून चालून मरशील. गेलो, तर घोड्याच्या जागी हे लोखंड. पण जीव जडला. घोडीच म्हणायचो तिला. मग ते पदक मिळालं, आणि घोडी सुटली."

"सुटली म्हणजे?"

"म्हणजे मला जपून ठेवायला लागले. पदकवाला माणूस परत लढाईत घालून वाया घालवतात होय? दिल्लीला ऑफिस, मग पुण्याला ऑफिस. नवी पोरं आली की मला उभं करायचे समोर, हे बघा शौर्य. पोरं विचारायची, मारा कसा केला? मी म्हणायचो, मारा नाही रे बाळांनो, मूठ फिरवली. पोरं हिरमुसायची. पुढं पुढं मीही मारा केला म्हणायला लागलो, जेवणाची सुट्टी लवकर व्हायची."

कर्र, कर्र. धूर आता गुडघ्यापर्यंत आलाय. खुर्चीचा डुगडुगता पाय तापला आहे. काटकर दोन्ही हातांनी झाकणाला धडका देतात.

"मामासाहेब, मला बाहेर यायचंय!"

"या की. कुणीकडे फिरवू सांगा. डावीकडे?"

"डावीकडे नको. आमदारांचा बंगला आहे."

"बरं. उजवीकडे?"

"बँक. ठेवीदारांत अस्वस्थता पसरेल."

"जावईबापू, आग लागलीय."

"हो, पण विषय नाजूक आहे."

वर मूठ थांबते. मेजरसाहेब हसताहेत की खोकताहेत, कळत नाही.

"हरफूलच्या वेळी तुम्ही कुणीकडे फिरवलीत?" काटकर घाईघाईनं विचारतात. आजवर हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेला नव्हता.

"जिकडे फिरेल तिकडे. आपलीच दुसरी गाडी होती त्या बाजूला. त्यातला सुभेदार हात वर करून शिव्या घालत होता, आमच्यावर कशाला रोखताय म्हणून. घालू दे. झाकण उघडलं."

"निघाला ना तो?"

"निघाला. पाय भाजले, पण निघाला. दर हिवाळ्यात रोहतकहून गजकचा डबा यायचा, तिळाची गोड वडी. कुणी पाठवलाय हे कुणी विचारलं नाही, संपवायचा मात्र तुम्ही."

काटकरांना ती वडी आठवते. दातांना चिकटायची. ते फटीतून बाहेर बघतात. टेबल गेलं आहे. आता चौक दिसतो आहे, बस स्टँड, मांडव, पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर पांढऱ्या चादरी. सुदामआप्पा माईकवर हॅलो हॅलो करताहेत. सगळं गाव समोर बसलंय आणि सगळे रणगाड्याकडे, म्हणजे सरळ काटकरांकडे बघताहेत. ते ओरडतात. लोक टाळ्या वाजवतात.

"मामासाहेब, यांना सांगा ना, आत माणूस आहे."

"चौकातल्या रणगाड्यात?"

"हो."

"छे. तो तर रिकामा आहे. तुम्हीच लिहून दिलंय तसं नगरपालिकेला."

"रिकामाच आहे."

"मग तुम्ही कुठून बोलताय?"

एरवी काटकरांकडे दोन्ही बाजू सांभाळणारं एखादं वाक्य कायम तयार असतं. आता तोंड उघडलं की धूर आत जातो.

"ऐका," मेजरसाहेबांचा आवाज लांब जातो आहे, "वरून होतं ते मी केलं. वेल्डिंग माझ्यानं निघायचं नाही, ते बाहेरूनच काढावं लागेल. आणि एक सांगतो. कुणीकडे तरी तोंड होणारच तिचं, जावईबापू. तोफ आहे ती. कुणाकडेच नाही म्हणता तेव्हा ती आपल्याच माणसाच्या डोक्यावर असते."

"थांबा! मामासाहेब, मी सांगतो त्यांना, मी आत्ता सांगतो..."

"आत्ता नको. जागे होऊन सांगा. झोपेत सगळेच शूर असतात."

हेडफोनची वायर वरून हिसडली जाते. कर्र. काटकर डोक्याची धडक मारतात, आणि पुन्हा मारतात, आणि...

पलंग. भिंत. पंखा बंद पडलाय, लाईट गेलेत, अंगातला बनियन पाण्यात बुडवून काढल्यासारखा ओला आहे. शेजारच्या खोलीत साडीचा विषय अजून चालू आहे. उशाशी फोन वाजतो.

काटकर तो कानाला लावतात आणि कळवळून दूर धरतात. दुसऱ्या कानाला लावतात. तिथंही तेच. शेवटी फोन तळहातावर आडवा ठेवून स्पीकर लावतात.

"सर, झोपला होता काय?" सुदामआप्पा. "प्रास्ताविक जरा आखडतं घ्या. आमदारसाहेबांना पुढं लग्न आहे."

"आप्पा, वेल्डर आहे का तिथं?"

"मांडवातच आहे. का?"

"त्याला थांबवून ठेवा. तोफ सोडवायचीय. फिरवायचीय."

फोनमधून सुदामआप्पा माईकवाल्याला गाणी बंद करायला ओरडतात.

"सर, पाया पडतो तुमच्या. ठराव तुमचाच ना? कुणीकडं फिरवायची म्हणता?"

"फिरेल तिकडे."

"फिरेल तिकडं काय, सर! आमदारसाहेब समोर बसणार, त्यांच्या अंगावर आली तर?"

"तर त्यांना सोफा सरकवायला सांगा. ड्रायव्हरच्या झाकणावरून ती हलली पाहिजे. हलली नाही तर मी प्रास्ताविक करणार नाही, राजीनामा देतो, आणि या स्मारकाशी घरच्यांचा संबंध नाही असं मामीसाहेबांच्या सहीनं पेपरात देतो."

हे आपणच बोललो की काय, म्हणून काटकर फोनकडे बघतात. शेजारच्या खोलीतला साडीचा विषय थांबलाय. दारात शैलजा उभी आहे, खांद्यावर मोरपंखी रंगाची साडी टाकून. ती जवळ येऊन त्यांची हनुवटी धरते आणि तोंड खिडकीकडे वळवते.

"अहो, हे काय उठलंय?"

कपाटाच्या आरशात काटकर बघतात. दोन्ही कानांभोवती लालभडक वळ उमटलेत, वाटीच्या काठानं दाबावेत तसे, पुरते गोल. शैलजा बोट लावते. वळ खोल आहेत, बोटाला खाच लागते.

"सर," तळहातावरून सुदामआप्पांचा रडवेला आवाज येतो, "त्यात ड्रायव्हर आहेच कुठं, सर?"

"इथं आहे," काटकर म्हणतात. "आलाच."