खंडेनवमीचं ढेकूळ

प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेले दाणे आमच्या कारखान्यात काचेसारखे लखलखीत निघत. दिसायला राजबिंडे, अंगात जोर नाही. त्यांना मजबूत करणाऱ्या शेवटच्या भट्टीत सोडण्याआधी टाकीत तापवून, सारखं घुसळून दुधासारखं पांढरं करावं लागे. घुसळणं थांबलं, की हे गरम दाणे एकमेकांना असे चिकटत, की नवी व्याहीमंडळी लाजावीत.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीला नमुना जायचा होता. पसंत पडला तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप. टाकीवर शिरूर कासारकडचा एक गडी होता. त्याची बायको बाटल्या निवडायची. कारखाना चालला तर दोघांची ऊसतोड टळणार होती. मुकादमाला त्यांनी दसऱ्यापर्यंत झुलवत ठेवलं होतं.

नमुन्याचे दाणे टाकीत पडले ते नेमके खंडेनवमीला. शेठ हार घेऊन हजर.

"बंद कर बे ते," शेठ गड्याला म्हणाले.

मी म्हणालो, "शेठ, आज फिरत्या देवाचीच पूजा करू. थांबलं तर माल चिकटल."

"फिरत्याला हार कसा घालावा? तुमच्या गळ्यात घालू का?"

सगळे हसले. मीही मान पुढे केली; असा मौका मी सोडत नसतो. टाकीतला घुसळायचा दांडा थांबला. माल गार पडू नये म्हणून हीटर तेवढा चालू ठेवला. मग शेठना आठवलं, की नारळ पुढाऱ्याच्या हातून फोडायचाय, आणि पुढारी अजून पालीला दुसऱ्याच्या मशीनपुढं भाषण करतोय. तो आला. आमच्याकडेही बोलला. फोटो झाले. गड्यानं बटण दाबलं. मोटार कण्हली, दांडा हलेना.

झाकण उघडलं तर आत एकच ढेकूळ, टाकीच्या मापाचं. दिवस मावळेपर्यंत आम्ही ते छिन्नीनं फोडत होतो. नमुन्यासाठी दुसरा माल नव्हता. गड्याची बायको एक तुकडा उचलून म्हणाली, "पांढरं मातर लई भारी झालंय, दादा."

दसरा झाला, कारखान्याला कुलूप लागलं आणि त्यांच्या वस्तीवर ट्रॅक्टर आला. मी निरोप द्यायला गेलतो. ती बोचक्यांवर बसली होती. मांडीवर कोयता, त्याच्या पात्यावर नवमीचं कुंकू.

"म्हणजे तुमी हा पण पुजला होता?"

"पुजून ठेवावा लागतो, दादा," ती म्हणाली. "तुमच्या शेठचा काय भरोसा?"