पावण्यांच्या डोक्यावरचे फेटे

गॅसवर वीज करणारं केंद्र आमच्या हातकणंगले भागात आलं, तेव्हा मी शाळेत होतो. धूर नाही, राख नाही, असं साहेब सांगायचे. खरंच नव्हती. नुसती रात्रंदिवस घरघर. तसं आम्ही कोल्हापूरकडची माणसं हळू बोलतो कुठं! पण आता घरातही ओरडायला लागलो.

मी कॉलेजात गेलो आणि विस्ताराची बातमी आली. नव्या कुंपणाची रेघ आमच्या बौद्ध वस्तीची विहीर आत घेऊन जात होती. गावच्या आडावर पाणी भरू देत नव्हते, म्हणून आजोबांच्या पिढीनं ती हातानं खणलेली. कुणाच्या मेहेरबानीची नव्हे. मी पत्रकं काढली, दारोदार वाटली. या वेळी शेतकरी आळीही आमच्या बाजूनं आली. जनसुनावणीत पहिली हरकत वडिलांनी घ्यायची ठरलं. ती विहीर खणताना पोरवयात माती उपसलेला, वस्तीत उरलेला शेवटचा माणूस तेच.

सुनावणीला साहेब गाडीतून उतरले आणि सरपंचांनी हाक दिली, "आबा, या की! पावण्यास्नी फेटं बांधायचं हाईत."

पंचक्रोशीत नवरदेवांचे फेटे वडीलच बांधायचे. मी आडवा गेलो. "आबा, विहीर गिळायला आल्यात ही माणसं!"

"दारात आल्यात न्हवं? मग पावणंच."

आणि बांधले. एकेक पीळ मन लावून.

मग माईक त्यांच्या हातात आला. समोर ओळीनं स्वतःच बांधलेले गुलाबी फेटे. वडील म्हणाले, "साहेब, लांबनं आलाईसा. च्या घ्या."

मांडवभर हशा. वस्तीतला एकजण ओरडला, "विहिरीचं बोल की, म्हाताऱ्या!" वडील खाली बसले. ज्यांची विहीर तेच गप्प, मग शेतकरी आळीनं तरी वाईटपणा कशाला घ्यावा? चहा झाला, सुनावणी संपली.

घरी मी भडकलो. ते एवढंच म्हणाले, "ज्येच्या डोस्क्याला हात लावला, त्येला वाकडं कसं बोलू?"

या रीतीचा मला आजही संताप येतो. घर लुटायला आलेल्याला पाट मांडायचा आणि वर विचारायचं, वाढू का अजून?

कुंपण झालं. विहीर आत गेली, वस्तीला टँकर आला.

नव्या केंद्राच्या उद्घाटनाला वडील धुतलेला सदरा घालून सकाळपासून दारात बसले होते. बोलावणं येईना. शेवटी कुंपणापाशी गेले. मागोमाग मी. आत व्यासपीठावर साहेब, डोक्यावर फेटे. वडिलांनी डोळे बारीक केले.

"तयार फेटं हाईत रं! टोपीवानी घातल्यात!" ते कुंपणाची तार धरून ओरडले. "माणसं हाईत का कोण ही?"

सुनावणीत मला हवा होता तो हाच आवाज. व्यासपीठाच्या मागं आमच्या विहिरीवर सिमेंटचं झाकण पडलं होतं. तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.